घरी स्पेक्ट्रमचा क्लोन बांधायचाय? आधी हे वाचा

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचा क्लोन, म्हणजे नक्कल, बांधताना माझा पहिला बोर्ड चालू केला त्या रात्री फक्त 'टप्' असा आवाज आला. एक कपॅसिटर फुटला, त्यातला पांढुरका लगदा टेबलावर पसरला आणि असा वास सुटला की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय जाळलंस?" जळलं होतं ते तीन आठवड्यांचं काम. कारण अगदी क्षुल्लक होतं, ते पाचव्या पायरीत सांगतो. दुसरा बोर्ड मात्र चालला. तिसरा मित्रासाठी बांधला, तोही चालला. मग "आम्हालाही बांधायचाय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे इतके झाले की फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

हे लिहिलंय ते सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्या, पण अख्खा कॉम्प्युटर कधी न बांधलेल्या माणसासाठी. इंजिनिअर असायची गरज नाही. मीही नाही.

१. कुठला क्लोन बांधायचा ते आधी ठरवा

सिंक्लेअर कंपनीचा मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात बाजारात आला. १६ के मेमरीवाला १२५ पौंडांना, ४८ के वाला १७५ पौंडांना. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, आणि स्वस्ताईचं सगळं गुपित एका चिपमध्ये: फेरांटी कंपनीकडून बनवून घेतलेली यूएलए. पडद्यावरचं चित्र, कीबोर्ड, टेप, आवाज हे सगळं ती एकटी सांभाळायची. झेड-८० कुठल्याही दुकानात मिळे, मेमरी मिळे, यूएलए मात्र सिंक्लेअरशिवाय कुणाकडे नव्हती. त्यामुळे क्लोन करणाऱ्याला एकच प्रश्न सोडवावा लागे: यूएलएचं काय करायचं?

ज्यांच्याकडे परवाना होता त्यांना ती रीतसर मिळाली. आपल्याकडचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा असाच परवान्यावरचा. ज्यांच्याकडे परवाना नव्हता त्यांनी डोकं चालवलं. परदेशी कॉम्प्युटरला दारं बंद असलेल्या ब्राझीलमध्ये मायक्रोडिजिटलनं १९८५ साली टीके९०एक्स काढला. रुमानियात एचसी-८५ आला, चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक गामा. आणि सोव्हिएत युनियनमध्ये तर हौशी लोकांनी यूएलएचं काम बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिपांमध्ये वाटून टाकलं. सर्गेई झोनोव याचा 'लेनिनग्राद' हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला. सर्किटचे नकाशे हातोहात फिरत, लोक रेडिओ बाजारातून भाग गोळा करून घरी बसून जोडत. पुढे त्याच वाटेनं 'पेंटागॉन' आणि झोनोवचाच 'स्कॉर्पियन' आले.

आज नवशिक्यासमोर खरे पर्याय दोनच. एक म्हणजे हे सोव्हिएत घराणं, ज्याचे बोर्ड नव्यानं छापून मिळतात. दुसरा 'हार्लेक्विन'. ख्रिस स्मिथ या ब्रिटिश माणसानं मूळ यूएलए उघडून, तिचे फोटो काढून, आतलं सर्किट एकेका लॉजिक गेटपर्यंत शोधून काढलं आणि तेच साध्या चिपांमध्ये पुन्हा मांडलं. हार्लेक्विन त्यावरच उभा आहे.

माझा सल्ला: पहिला बोर्ड हार्लेक्विन ४८ के. याचं कारण वेळेच्या हिशोबात आहे. मूळ यंत्रात यूएलए आणि प्रोसेसर दोघांनाही एकाच वेळी खालची १६ के मेमरी हवी असली की यूएलए प्रोसेसरचं घड्याळ क्षणभर थांबवते. चित्राची एक चौकट (फ्रेम) पूर्ण व्हायला प्रोसेसरचे ६९,८८८ ठोके लागतात. पेंटागॉनमध्ये ही थांबवाथांबवी नाहीच आणि एका चौकटीला ७१,६८० ठोके. रशियन डेमो (चित्र-आवाजाच्या करामती दाखवणारे प्रोग्रॅम) पेंटागॉनच्या हिशोबानं लिहिलेले, इंग्लिश खेळ मूळ यंत्राच्या. बहुतेक खेळ दोन्हीकडे चालतात, पण पडद्याच्या किनारीवर रंगांच्या करामती करणारे खेळ दुसऱ्या घरी गेले की पट्टे सरकतात, थरथरतात. हार्लेक्विन ही थांबवाथांबवीही मूळ यंत्रासारखीच करतो. शिवाय सोव्हिएत घराण्यात बहुतेक ठिकाणी चित्र सुटं आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) मिळतं, कारण तिकडे टीव्ही सेकॅम या वेगळ्या रंगपद्धतीचे आणि लोक थेट टीव्हीच्या पोटात वायरी जोडत. आपल्याकडे त्यासाठी ते रंग एकत्र करणारा वेगळा एन्कोडर जोडत बसावं लागतं. हौस फिटली नाही तर नंतर वेगळा पेंटागॉन घ्या, मीही पुढे तेच केलं.

२. सामान आणि कागदपत्रं

कागदपत्रं आधी, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. तीन कागद छापून भिंतीला लावा: सर्किटचा नकाशा, भागांची यादी आणि जोडणीची पुस्तिका. तिन्ही एकाच आवृत्तीचे आहेत ना, आणि बोर्डावर छापलेल्या आवृत्तीशी जुळतात ना, हे बघा. मी एका आवृत्तीची यादी घेऊन दुसऱ्या आवृत्तीचे भाग मागवले होते. सहा रेझिस्टर चुकीचे, आणि एक चिप अशी की तिला बसायला बोर्डावर जागाच नाही.

बाहेरून पार्सल येणार असेल तर कुरिअरवाला केवायसी मागतो. आधार किंवा पॅन आणि खरेदीचं बिल तयार ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावर पडून राहतं आणि तुम्ही ट्रॅकिंगचं पान ताजं करत बसता.

अवजारं:

- तापमान बदलता येणारं सोल्डरिंग स्टेशन. रेडिओवाल्याकडचं जुनं जाडं आयर्न इथे चालत नाही.
- ०.७ किंवा ०.८ मिमीची सोल्डर वायर, फ्लक्स, चूक काढायला सोल्डर विक.
- मल्टिमीटर, कंटिन्युइटीच्या बीपसह. याच्याशिवाय सुरुवातच करू नका.
- लॉजिक प्रोब, म्हणजे पायावर सिग्नल आहे का ते दाखवणारी काडी. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही.
- ईप्रॉम प्रोग्रामर, म्हणजे रॉमच्या चिपेत माहिती भरायचं यंत्र.
- भिंग. चाळिशी लागली असेल तर दोन.

लॉजिक चिपा, सॉकेट, रेझिस्टर, कपॅसिटर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. दुकानदाराला मात्र पूर्ण नंबर सांगा. यादीत 'एचसीटी' (लॉजिक चिपांची एक जात; एलएस आणि एचसी या दुसऱ्या) लिहिलंय आणि तो म्हणाला, "साहेब, एलएस घेऊन जा, सेमच आहे," तर हसून नाही म्हणा. सेम नाही. त्याहून वाईट म्हणजे एचसीटीच्या जागी नुसती 'एचसी' घेणं. एचसी चिपेला 'एक' (शून्य नसलेला सिग्नल) ओळखायला साडेतीन व्होल्टच्या आसपास लागतात, एलएसवाली मात्र तेवढे देण्याची हमी देत नाही. यंत्र चालतंही आणि मधूनच दगाही देतं. असा दोष शोधण्यात महिना जातो.

छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर '१०४' छापलेलं असतं, म्हणजे १०० नॅनोफॅरड. '१०३' म्हणजे १०. घरी आल्यावर दोन्ही एकाच डबीत टाकू नका.

३. झेड-८० विकत घेताना

झायलॉगनं १९७६ सालापासून चालत आलेल्या या प्रोसेसरचं उत्पादन थांबवत असल्याचं २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. तेव्हापासून बाजारात 'नवीन' म्हणून जे मिळतं त्यात जुन्या बोर्डांवरून उपटलेला, घासून पुन्हा छापलेला माल बराच असतो.

हातात आल्यावर पाहा: पाय चकचकीत पण मुळाशी सोल्डरचे कण, वरचा पृष्ठभाग अति काळा आणि खरखरीत, छपाई नखानं निघतेय. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन कोपरा पुसा. कापूस काळा झाला तर वर रंग चढवलेला आहे. माझ्याकडच्या चारपैकी दोन अशा निघाल्या.

गंमत म्हणजे रंग चढवलेलीही बऱ्याचदा चालते. स्पेक्ट्रमला ४ मेगाहर्ट्झची चिपसुद्धा पुरते, म्हणून ६ किंवा ८ च्या नावाखाली ४ ची आली तरी कळतही नाही. पण पैसे कशाचे दिले हे कळायला हवं. त्याची एक छान चाचणी आहे, ती यंत्र चालू झाल्यावर, आठव्या पायरीत.

४. सोल्डरिंग: बुटक्यांपासून उंचाकडे

आधी सपाट चिकटणारी छोटी चिप असेल तर ती (माझ्या बोर्डावर रंगीत चित्राचा एन्कोडर तसा होता), मग रेझिस्टर, डायोड, सॉकेट, सिरॅमिक कपॅसिटर, क्रिस्टल, शेवटी उभे कपॅसिटर आणि बाहेरची जोडणी. उलट क्रमानं गेलात तर बोर्ड पालथा घातल्यावर छोटे भाग खाली पडतात.

प्रत्येक आयसीला सॉकेट. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. थेट चिकटवलेली चिप खराब निघाली तर ती काढताना बोर्डाची तांब्याची वाट उखडते. सॉकेटची खाच बोर्डावरच्या खाचेशी जुळवा. सॉकेट उलटं बसलं तरी विजेच्या दृष्टीनं बिघडत नाही, पण पुढे चिप बसवताना तुम्ही सॉकेटच्याच खाचेकडे बघणार आणि चिप उलटी जाणार.

रेझिस्टर नेटवर्कच्या (एकाच पट्टीतल्या अनेक रेझिस्टरच्या) एका टोकाला ठिपका असतो. तो पहिल्या पायाचा. मी एक उलटं बसवलं होतं आणि कीबोर्डची अर्धी बटणं मुकी झाली होती.

चिपा अजून घालू नका. एकही नाही.

५. वीज: इथे सगळे फसतात

मूळ स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, आणि त्याच्या पिनेचं मधलं टोक ऋण, बाहेरचं धन. आज दुकानात "नाइन व्होल्टचा द्या" म्हटल्यावर मिळणारा अडॅप्टर जवळजवळ नेहमी याच्या उलटा: मधलं टोक धन. पिन तीच, मापही तेच, घुसतेही सहज. माझा 'टप्' तिथूनच आला.

म्हणून अडॅप्टरवरचं छोटं चित्र बघा: मधला ठिपका, त्याभोवती अर्धवर्तुळ, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. चित्रावरही विसंबू नका. मल्टिमीटरची लाल काडी पिनेच्या आत, काळी बाहेरच्या धातूला लावा. आकडा उणे आला तर मध्य ऋण, अधिक आला तर मध्य धन. मग तुमचा बोर्ड काय मागतो ते पुस्तिकेत वाचा, कारण काही बोर्डांवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून दोन्ही पद्धती निवडता येतात. निवडलेला अडॅप्टर टेप लावून त्याच यंत्राला बांधून टाका. घरातल्या राउटरचा अडॅप्टर 'तात्पुरता' लावायचा मोह सगळ्यांना होतो.

वीज देण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये काड्या लावा. क्षणभर बीप होऊन थांबला तर ठीक, ते कपॅसिटर भरत होते. बीप चालूच राहिला तर कुठेतरी सोल्डरचा पूल झालाय. वीज देऊ नका, भिंग घ्या.

सगळं ठीक असेल तर रिकाम्या सॉकेटांनिशी वीज द्या. झेड-८० च्या सॉकेटात ११ नंबरचा पाय ५ व्होल्ट आणि २९ नंबरचा ग्राउंड. तिथे ४.९ ते ५.१ च्या दरम्यान आकडा हवा. ईप्रॉमच्या सॉकेटात २८ आणि १४. एकेका लॉजिक सॉकेटचा कोपरा मोजा. वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

६. रॉम

यंत्राची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि कामकाज १६ के रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतं. हक्क ॲमस्ट्रॅडकडे गेले, कारण १९८६ मध्ये त्यांनी सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना विकत घेतला. १९९९ साली त्यांनी एम्युलेटरवाल्यांना (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल चालवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना) रॉम सोबत द्यायची मुभा दिली, पण हक्क सोडले नाहीत. त्यामुळे रॉमची फाइल मिळणं अवघड नाही. आतली कॉपीराइटची ओळ मात्र बदलू नका आणि रॉम भरून चिपा विकायला बसू नका.

२७सी२५६ ही ३२ केची ईप्रॉम. म्हणजे दोन रॉम मावतात. खालच्या अर्ध्यात मूळ रॉम, वरच्या अर्ध्यात चाचणीची रॉम भरा. कुठला अर्धा वापरायचा ते ठरवणारा जंपर बहुतेक बोर्डांवर असतो. मी पहिल्या वेळी चाचणीची रॉम भरलीच नाही, आणि मग अंधारात चाचपडत बसलो.

काचेची खिडकी असलेली जुनी ईप्रॉम असेल तर ती आधी रिकामी करावी लागते, अतिनील दिव्याखाली. दिवा नसेल तर भर उन्हात आठवडाभर ठेवली तरी पुसली जाते म्हणतात. मी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर, पापडांच्या शेजारी ठेवली होती. नऊ दिवसांनी रिकामी झाली. तोपर्यंत विजेनं पुसता येणारी दुसरी चिप मागवून, भरून, वापरूनही झाली होती.

७. पहिल्यांदा चालू करताना

आता चिपा, पण टप्प्याटप्प्यानं. सगळ्या चिपा एकदम घालून बटण दाबणारा माणूस बिघाड झाल्यावर डझनावारी चिपांकडे संशयानं बघत बसतो.

*टप्पा अ.* घड्याळाच्या आणि चित्राच्या लॉजिक चिपा आणि मेमरी घाला. झेड-८० आणि रॉम नको. टीव्ही जोडा. पडद्यावर रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी दिसली पाहिजे. ३२ उभ्या ओळी, २४ आडव्या, काही लुकलुकणारे. हा मेमरीतला कचरा आहे आणि तो दिसणं ही चांगली बातमी: घड्याळ चालतंय, मेमरी वाचली जातेय, रंग बनताहेत. काहीच दिसलं नाही तर टीव्हीची सेटिंग बघा, मग क्रिस्टल.

घड्याळ पोहोचतंय का हे प्रोबशिवायही कळतं. झेड-८० च्या सॉकेटात ६ नंबरच्या पायावर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. साधारण अडीच व्होल्ट दिसले तर तिथे ठोके चालू आहेत, मीटर त्यांची सरासरी दाखवतोय. शून्य किंवा पूर्ण पाच म्हणजे काहीतरी अडलंय.

*टप्पा ब.* वीज बंद करून रॉम आणि झेड-८० घाला. खाचा दोनदा बघा. बटण दाबा आणि नजर हलवू नका, कारण पुढचं दृश्य जेमतेम दीड सेकंदाचं असतं. पांढऱ्या किनारीच्या आत पडदा काळा होतो, त्यावर केसासारख्या बारीक लाल उभ्या रेषा उमटतात, मग सगळं पांढरं होतं आणि डाव्या कोपऱ्यात खाली एक ओळ येते: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. त्या लाल रेषा म्हणजे यंत्र आपली मेमरी तपासतंय. प्रत्येक जागी २ हा आकडा लिहून बघतं, आणि रंगांच्या जागेत २ म्हणजे काळ्यावर लाल.

माझ्या दुसऱ्या बोर्डानं पहिल्यांदा लाल रेषा दाखवल्या तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी कुणाला उठवलं नाही, पण दहा-बारा वेळा बंद-चालू करून त्या रेषाच बघत बसलो.

तसं झालं नाही तर:

- गोधडीच दिसत राहिली: प्रोसेसर पळतच नाहीये. रॉम उलटी आहे का, तिचा एखादा पाय दुमडून पोटाखाली गेलाय का (हे फार वेळा होतं), झेड-८० चा २६ नंबरचा रिसेट पाय शून्यावरच अडकलाय का?
- लाल रेषांवर किंवा काळ्यावर अडकलं: मेमरी किंवा तिच्याकडे जाणाऱ्या वाटा. चाचणीची रॉम लावा, ती कुठली चिप ते सांगते.
- एखादी चिप बोट ठेववत नाही इतकी तापली: लगेच बंद. उलटी बसलीय.

ओळ दिसली तरी पूर्ण मेमरी मिळाली असं समजू नका. २३७३२ आणि २३७३३ या मेमरीतल्या दोन जागा बेसिकच्या 'पीक' आज्ञेनं वाचून पाहा. पहिला आकडा अधिक दुसऱ्याची २५६ पट, हे ६५५३५ यायला हवं. ३२७६७ आलं तर वरची ३२ के यंत्राला दिसतच नाहीये.

८. झेड-८० ची झडती

ही ती मघाची चाचणी. झेड-८० दोन जातींची: जुनी एनमॉस आणि कमी वीज खाणारी सीमॉस. दोघींचं वागणं जवळपास सारखं, पण कागदोपत्री नसलेल्या एका आज्ञेला त्या वेगळं उत्तर देतात. किनारीचा रंग लाल करा (बॉर्डर २). मग ३२७६८ पासून पुढच्या सहा जागांवर १, २५४, ०, २३७, ११३, २०१ हे आकडे पोक करा, म्हणजे 'पोक' आज्ञेनं लिहा. हे पोक एका छोट्या प्रोग्रॅममधून करा, त्यातच पुढची ओळ 'रँडमाइझ यूएसआर ३२७६८' आणि त्याखाली 'पॉज ०', म्हणजे रंग टिकून राहतो. किनार काळी झाली तर एनमॉस, पांढरी झाली तर सीमॉस.

माझ्या चिपेवर झोकात 'सी' छापलेलं होतं, म्हणजे सीमॉस. किनार काळीकुट्ट झाली. विकणाऱ्यानं पैसे परत दिले, पण "सर, तुम्हाला कळलं कसं?" हे तीनदा विचारलं.

९. टीव्ही आणि कीबोर्ड

आपल्याकडचे टीव्ही पाल ही रंगपद्धत ओळखतात, ही जमेची बाजू. नव्या टीव्हीला तीन वेगळी भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच असतं. त्याची केबल बाजारात मिळते, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. चित्र आलं नाही तर आधी पिवळी पिन सोडून लाल आणि पांढरी लावून बघा. स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर स्पेक्ट्रमच्या चित्रावर कधीकधी रुसतात, कारण ते सेकंदाला ५० नव्हे, ५०.०८ वेळा येतं आणि ओळी ३१२च असतात. जुना ट्यूबवाला टीव्ही कुणी भंगारात काढत असेल तर मागून घ्या.

कीबोर्डच्या दोन पट्ट्या असतात, एक ५ तारांची आणि एक ८ तारांची. जुन्या यंत्रांतल्या पट्ट्या वाळून कडक झालेल्या असतात, हात लावताच तुटतात. नवीन मेम्ब्रेन (बटणांखालचे, पट्ट्यांसकटचे पातळ पडदे) बनतात, तेच घ्या. काही बटणं चालत नसतील तर कुठली ते लिहून काढा. १ ते ५ सारखी ओळीतली शेजारची पाच मेलेली असतील तर ८ तारांच्या पट्टीतली एक सैल आहे. दोन्ही कडांची, म्हणजे १, क्यू, ए, शून्य, पी, एंटर अशी मेली असतील तर ५ वाल्या पट्टीतली.

आणि 'पी' दाबल्यावर अख्खा 'प्रिंट' शब्द उमटला म्हणून घाबरू नका. यंत्र बिघडलेलं नाही, ते तसंच आहे.

१०. पहिला खेळ लोड करणं

टेपरेकॉर्डर लागत नाही, मोबाइल चालतो. खेळाची टॅप किंवा टीझेडएक्स फाइल (टेपची डिजिटल नक्कल) संगणकावर आवाजाच्या फाइलमध्ये बदलून घ्या. वेव्ह फाइलच. एमपी३ करू नका, ती कानाला न लागणारा भाग छाटते आणि स्पेक्ट्रमला नेमका तोच लागतो.

मोबाइल विमान मोडवर टाका. हे लिहायला वेडगळ वाटतं, पण माझा पहिला खेळ ऐंशी टक्के लोड झाल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर 'सुप्रभात' आलं आणि त्या टिंगनं सगळं पाण्यात गेलं. इक्वलायझर आणि 'आवाज सुधारणा' बंद. ब्लूटूथ नाही, तार. आवाज आधी पूर्ण ठेवा, मग गरज पडली तर कमी करा.

'जे' दाबलं की 'लोड' येतं. सिंबल शिफ्ट धरून 'पी' दोनदा, म्हणजे दोन अवतरण चिन्हं. एंटर. आता मोबाइलवर फाइल चालू करा आणि किनारीकडे बघा:

- लाल आणि आकाशी रुंद पट्टे, शांतपणे सरकणारे: हा सुरुवातीचा सूर, पहिल्या तुकड्याला पाच सेकंद. पट्टे स्थिर रुंदीचे असले की आवाज बरोबर आहे.
- निळे आणि पिवळे बारीक पट्टे: माहिती येतेय.
- पट्टेच नाहीत: तार दुसऱ्या भोकात आहे, किंवा आवाज कमी.
- पट्टे येतात पण 'आर टेप लोडिंग एरर' येतो: आवाज एक पायरी कमी-जास्त करून पुन्हा. तरीही नाही, तर मोबाइलच्या दोन वाहिन्या एकमेकींना मारताहेत, फाइल मोनो करा.

पूर्ण ४८ के भरायला पाचेक मिनिटं लागतात. चहा टाका.

याचा कंटाळा आला की एसडी कार्ड लावायची जोडणी मिळते, तिनं खेळ क्षणात येतो. ती नंतर घ्या. कानाच्या वाटेनं एकदा तरी लोड होऊ द्या, कारण टेपचं सर्किट बिघडलेलं असेल तर तुम्हाला ते एरवी कधीच कळणार नाही.

डबा शेवटी. मूळ मापाचे नवे डबे रंगीत मिळतात, पण स्क्रू आवळण्याआधी यंत्र आठवडाभर उघडंच चालवा. रोज तासभर. सैल सॉकेट आणि थंड सोल्डर गरम झाल्यावरच बोलतात.

आणि बोर्ड छापून घेणार असाल तर बहुतेक कारखाने पाचपेक्षा कमी बनवत नाहीत. माझ्या पाचांतला एक फुटला, एक माझा, एक मित्राचा. दोन अजून कपाटात कोरे आहेत.